डॅलसच्या परसातली शिंदी: एका गोठलेल्या आठवड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलं शाळेत जाणारी. २०२० च्या सुरुवातीला नवऱ्याचे वडील सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि कोविडमुळे दीड वर्षाहून जास्त राहिले. ते निवृत्त कृषी सहायक. गाव सांगलीकडचं, पण नोकरी बरीचशी रायगड जिल्ह्यात झालेली, त्यामुळे त्यांना देशावरची शिंदीही ठाऊक आणि कोकणातला माडही. पुढे घडलेल्या गोष्टींमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

२०१८ मध्ये या घरामागे पोहण्याचा तलाव बांधला गेला. त्या भागात तलाव म्हटला की काठाला पाम आलेच. कंत्राटदारानं दोन कोपऱ्यांत दोन मेक्सिकन फॅन पाम लावले, म्हणजे वॉशिंग्टोनिया रोबस्टा. मधोमध लावला एक ‘सिल्व्हेस्टर पाम’, दोन मीटर खोडाचा, चांगला भरलेला. सगळ्यात महाग तोच. हे झाड म्हणजे फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, आपल्याकडची ओढ्याकाठची शिंदी. आजोबांनी आल्या दिवशी परसात जाऊन ते पाहिलं आणि मुलाला विचारलं, “अरे, ही तर शिंदी. हिच्यासाठी पैसे मोजलेस तू?” ज्या झाडाच्या पानांच्या केरसुण्या होतात ते इथे हजारो डॉलरला विकलं जातं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आणखी दोन झाडं होती. घरापुढे सुनेनं स्वतः आणून लावलेला विंडमिल पाम, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. काळ्या काथ्यानं गुंडाळल्यासारखं बारीक खोड, वर पंख्यासारखी पानं, एकूण उंची दीड मीटर. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात आधीच्या मालकानं लावलेला सेबल मायनर, म्हणजे बुटका पाल्मेटो. त्याला खोड दिसत नाही, पानं थेट जमिनीतूनच येतात. घरात त्याला कुणी पाम म्हणत नव्हतं, ‘ते कोपऱ्यातलं झुडूप’ म्हणत.

जमीन काळी, चिकण. डॅलसचा हा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीच्या जातकुळीची आहे. हिवाळ्यात ती ओली आणि गार राहते, आणि पामाच्या मुळांना ते मानवत नाही.

आधीचे हिवाळे बरे गेले होते. एखाददुसऱ्या रात्री पारा उणे ६-७ अंशांपर्यंत उतरे, शिंदीची टोकं थोडी करपत, एप्रिलपर्यंत सगळं सावरत असे. त्यामुळे ‘इथे हे झाड जगतं’ असं सगळ्यांच्या मनानं घेतलं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

पाम लावताना कंत्राटदारानं सांगितलं होतं, “हे १५ फॅरनहाइटपर्यंत टिकतं, आणि तुमचा झोन ८ए आहे.” ही दोन्ही वाक्यं चूक नाहीत. १५ फॅरनहाइट म्हणजे साधारण उणे ९ अंश सेल्सिअस. (पुढचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये.) पण त्या दोन वाक्यांतून जो निष्कर्ष काढला गेला तो चूक होता.

अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातला ‘झोन’ म्हणजे त्या ठिकाणची सर्वांत थंड रात्र नव्हे. तीस वर्षांत दर वर्षीची जी सर्वांत थंड रात्र असेल, त्या तीस रात्रींची ती सरासरी. ८ए म्हणजे ही सरासरी उणे १२.२ ते उणे ९.४ यांच्या मधली. उघड आहे की काही वर्षी पारा याच्या बराच खाली जाणार. शिवाय नीट पाहिलं तर ८ए ची सरासरी रात्रसुद्धा शिंदीच्या मर्यादेला टेकलेली किंवा तिच्या पलीकडे आहे. म्हणजे साध्या हिशेबातही ते झाड काठावरच उभं होतं.

डॅलस-फोर्टवर्थच्या जुन्या नोंदी काढल्या तर चित्र लगेच स्पष्ट होतं. १८९९ मध्ये उणे २२. १९४९ मध्ये उणे १९. डिसेंबर १९८९ मध्ये उणे १८. त्याआधी डिसेंबर १९८३ मध्ये सलग २९५ तास पारा शून्याच्या वर आला नव्हता. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात दोन-तीनदा इथे अशी थंडी येते की तिच्यात शिंदी आणि मेक्सिकन फॅन पाम उघड्यावर जगू शकत नाहीत. हे गुपित नाही. पण तलावाच्या काठाला काय लावायचं हे ठरवताना ते कुणी पाहत नाही, आणि विकणाऱ्याला सांगण्याची गरज वाटत नाही.

दुसरी गोष्ट पामाच्या घडणीतली. आंबा किंवा कडुनिंब वरून जळला तरी खालून फुटतो, कारण सालीखाली वाढणारा थर असतो आणि फांद्यांवर डोळे असतात. पामाला ते नाही. शेंड्याच्या पोटात एकच वाढीचा कोंब, नवी पानं तिथूनच येतात. तो मेला की एकखोडी पाम संपला, मग खाली खोड कितीही भक्कम असो. खोडाच्या आतल्या नळ्याही एकदा बिघडल्या की पुन्हा तयार होत नाहीत. या दुसऱ्या मुद्द्याचं महत्त्व घरात सगळ्यांना सहा महिन्यांनी कळलं.

फेब्रुवारी २०२१: पहिला निर्णय

दहा फेब्रुवारीपासून थंडी पडायला लागली होती. पुढच्या आठवड्याचा अंदाज उणे १५ च्या खालचा दिसत होता. पारा सलग बरेच दिवस शून्याखाली राहणार, मधे हिमवर्षाव होणार, असंही दिसत होतं. शुक्रवारी, १२ तारखेला, या घरातल्या नवऱ्यानं झाडांबद्दल सल्ला विचारायला मला फोन केला. त्याचा प्रश्न साधा होता: चारही झाडांवर चादरी टाकल्या तर भागेल का?

भागणार नव्हतं. चादर किंवा फ्रॉस्टचं कापड जमिनीतून वर येणारी ऊब थोडी धरून ठेवतं. एका रात्रीच्या हलक्या दहिवराला ते पुरतं. सलग पाच-सहा दिवस गोठलेल्या हवेत आतलं तापमान हळूहळू बाहेरच्या इतकंच होतं. आत उष्णता देणारं काहीतरी हवं.

समोर चार पर्याय होते.

काहीच न करणं, आणि वसंतात जे उरेल ते पाहणं. सुनेचा कल इकडे होता. तिच्या मते घरात थंडीची बाकीची कामं कमी नव्हती. नळ गुंडाळायचे होते, तलावाचा पंप चालू ठेवायचा होता.

चारही झाडं झाकून प्रत्येकाला थोडी उष्णता देणं. नवऱ्याला हे हवं होतं.

सगळी उष्णता एकाच झाडाला, म्हणजे शिंदीला देणं. पैशाच्या हिशेबानं हे बरोबर वाटत होतं.

किंवा ज्यांच्या कोंबापर्यंत हात पोचतो तेवढ्याच झाडांसाठी झटणं, आणि बाकीच्यांवर पाणी सोडणं.

फॅन पाम तोवर पाच-सहा मीटर झाले होते. शिडी लावून, गोठलेल्या वाऱ्यात, त्यांच्या शेंड्याला काही बांधणं धोक्याचं होतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पाम लावताना सहसा बोलली जात नाही. झाड मोठं होताना थोडं काटक होतं हे खरं, पण माणसाच्या मदतीच्या टप्प्याबाहेरही जातं. वॉशिंग्टोनियासारखं भराभर वाढणारं झाड झाकून वाचवण्याची मुदत चार-पाच वर्षांची असते. ती इथे संपली होती. फॅन पाम सोडून द्यायचे, हा निर्णय दहा मिनिटांत झाला आणि मला तो आजही योग्य वाटतो.

उष्णता कशी द्यायची यावर जास्त वेळ गेला. घरात नाताळाच्या रोषणाईच्या माळा भरपूर होत्या, पण सगळ्या एलईडी. त्यांनी उजेड पडतो, ऊब जवळपास शून्य. जुन्या पद्धतीचे तारेचे मोठे बल्ब, ज्यांना तिकडे सी-नाइन म्हणतात, ते दर बल्बला सात वॉट खातात आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून बाहेर टाकतात. पंचवीस बल्बांची माळ म्हणजे १७५ वॉट. दुकानांत अशा माळा आता कमी मिळतात. शेवटी शेजाऱ्याच्या गराजमधून तीन माळा मिळाल्या. तापमान दोन अंशांच्या खाली गेलं की चालू आणि सातच्या वर गेलं की बंद, असा एक आपोआप चालणारा प्लगही त्याच्याचकडे निघाला.

तीन माळा, दोन झाडं. शिंदीला दोन, विंडमिल पामला एक, असं ठरलं. सेबल मायनरचा विचारही कुणी केला नाही.

प्रत्यक्ष काय केलं

शनिवारी सकाळी, हिमाआधी, काम उरकलं. मुळांभोवती लाकडाच्या भुशाचं वीतभर जाड आच्छादन. शिंदीच्या झावळ्या वर ओढून दोरीनं मोळीसारख्या बांधल्या. नवऱ्याला झावळ्या मोडू नयेत म्हणून फार काळजी होती. आजोबा खालून ओरडत होते, “झावळ्या गेल्या तर जाऊ देत रे, कोंब सांभाळ!” माडाच्या बागेत काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दोन्ही माळा त्यांनी कोंबाभोवतीच्या हातभर भागातच गुंडाळायला लावल्या, खोडावर एकही वेढा नाही. त्यावर तिपदरी कापड, आणि सगळ्यात बाहेर पाणी आत जाऊ नये म्हणून ताडपत्री. ती बल्बांना आणि पानांना टेकणार नाही याची काळजी घेतली.

विंडमिल पामचं काम सोपं होतं. पीव्हीसी पाइपांची चौकट, तिच्यावर कापड आणि ताडपत्री, कडा विटांनी जमिनीला दाबलेल्या. थोडक्यात, जमिनीपर्यंत बंद तंबू. कापड अपुरं पडलं तेव्हा घरातली पांघरुणं निघाली. सासूबाईंनी शिवलेली गोधडी मात्र सुनेनं बाहेर नेऊ दिली नाही.

दोन्ही कोंबांजवळ बिनतारी तापमापीचं एकेक टोक ठेवलं. हे नवऱ्याच्या डोक्यातून आलं. पुढचे निर्णय अंदाजानं न होता आकडे बघून झाले, ते यामुळे.

रविवारी, १४ तारखेला, चांगलाच हिमवर्षाव झाला. रात्रीपर्यंत बाहेर उणे १२ होतं. शिंदीच्या कोंबाजवळ उणे १, विंडमिलच्या तंबूत अधिक ४. बेत जमला होता.

वीज गेली तेव्हा

पंधरा तारखेच्या पहाटे टेक्सासची वीजयंत्रणा कोलमडण्याच्या बेतात आली. मागणी प्रचंड आणि त्याच वेळी वीजनिर्मितीचे संच, वायूच्या वाहिन्या गोठलेल्या. सगळी यंत्रणा बंद पडू नये म्हणून भागाभागानं वीज तोडली गेली. राज्यात ४५ लाखांवर घरं अंधारात गेली. ज्यांच्या फीडरवर, म्हणजे भागाच्या वीजवाहिनीवर, रुग्णालय होतं त्यांची वीज टिकली. या कुटुंबाची गेली. ती तासाभरासाठी यायची, परत जायची, असा पुढचा दीड-दोन दिवसांचा खेळ झाला.

घरातलं तापमान सकाळपर्यंत ९ अंशांवर आलं. सगळे एका खोलीत, अंगावर दोन-दोन स्वेटर. आणि बाहेर दोन झाडं, ज्यांचा सगळा बंदोबस्त विजेवर उभा होता. शिंदीच्या कोंबाजवळचा आकडा सकाळी नऊला उणे ८ झाला होता.

या क्षणाला काय करावं यावर घरात खरी चर्चा झाली. नवऱ्याकडे गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर होता. इंजिन चालू ठेवलं तर एक माळ चालू शकली असती. गाडी गराजमध्ये होती आणि दाराबाहेर बर्फ साचलेला. गराजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात घेणं. त्याच आठवड्यात टेक्सासमध्ये शेकडो लोक याच कारणानं रुग्णालयात पोचले, काही दगावले. कोळशाची शेगडी तंबूत ठेवावी असंही कुणीतरी सुचवलं. दोन्ही गोष्टी सुनेनं तिथेच मोडीत काढल्या. शेजाऱ्याचा जनरेटर होता, पण त्यावर दोन घरांचे हीटर आणि एका म्हाताऱ्या बाईंचं ऑक्सिजनचं यंत्र चालत होतं. तो झाडासाठी मागणं कुणालाच शोभलं नसतं.

गॅसची शेगडी मात्र काडी लावून पेटत होती. आजोबांनी विचारलं, पाणी तापवून ठेवलं तर?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. वीस लिटर पाणी ६० अंशांवरून शून्यापर्यंत गार होताना साधारण १.४ युनिट उष्णता सोडतं. म्हणजे १७५ वॉटची माळ आठ तास चालल्यासारखं. पुढे ते गोठायला लागलं तर गोठतानाही उष्णता सोडतं, वीस लिटरमागे आणखी पावणेदोन युनिटांच्या वर. म्हणजे बादलीतलं पाणी गोठत असलं तरी ते काम करत असतं. अट एकच: ही उष्णता ज्याच्यासाठी आहे त्याच्याभोवती ती अडकून राहिली पाहिजे.

विंडमिलचा तंबू जमिनीपर्यंत बंद होता. शिंदीचं आच्छादन दोन मीटर उंचीवर, शेंड्याभोवती, खालून उघडं. खाली बादली ठेवून वरच्या कोंबाला काहीही मिळालं नसतं. आणि पाणी तापवायलाही मर्यादा होती. नळाची धार बारीक झाली होती, मोठं पातेलं एकच.

नवऱ्यानं तरी अर्धं-अर्धं करावं असा धोशा लावला. शिंदीच्या खोडाभोवती पांघरुणं सोडून तिथे एक बादली, विंडमिलला एक. निर्णय आजोबांनी केला. “सगळं पाणी छोट्याला घाल. मोठीला काय पुरणार आहे?” शिंदी त्यांची आवडती होती, रोज सकाळचा चहा ते तिच्याखाली घ्यायचे, त्यामुळे यावर कुणी वाद घातला नाही. झाकणाच्या दोन बादल्या भरून तंबूत ठेवल्या, आणि संध्याकाळी बदलल्या.

मंगळवारी, १६ तारखेला सकाळी, विमानतळावर उणे १९ ची नोंद झाली. परसात उणे १८. शिंदीच्या कोंबाजवळ उणे १४. विंडमिलच्या तंबूत उणे ५.

नंतरचे महिने

जवळपास सहा दिवस सलग शून्याखाली राहून पारा वर आला, आणि तो आला तोही टेक्सासच्या रीतीनं: त्याच आठवड्याच्या शेवटी दुपारी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. आच्छादनं लगेच काढली. उशीर केला असता तर आत कोंदट ऊब धरून कुजण्याला निमंत्रणच मिळालं असतं.

फॅन पाम आठवड्याभरात संपूर्ण तपकिरी झाले. शिंदीच्या झावळ्या आधी राखाडी-हिरव्या, मग गवतासारख्या. विंडमिलची बाहेरची पानं अर्धी करपली, आतली हिरवी राहिली. कोपऱ्यातल्या सेबल मायनरवर हिमाचा थर होता. त्यानंच त्याला पांघरूण घातलं. चार टोकं पिवळी, बाकी जसंच्या तसं. ज्याच्यावर कुणी एक रुपया किंवा एक मिनिट घालवलं नाही, त्याला सगळ्यात कमी लागलं. हे झाड पूर्व टेक्सासच्या आणि ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्याच्या रानात आपलं आपण वाढतं, त्याला ही थंडी नवी नव्हती.

मार्चमध्ये दुसरा मोठा निर्णय आला. दारोदार झाडं तोडून देणारे फिरत होते. वसाहतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं, ‘मृत झाडं काढावीत’. तोडायचं की थांबायचं?

पामाच्या बाबतीत पानांवरून निकाल लावू नये, कोंब पाहावा. मधलं न उघडलेलं पान धरून हलकं ओढायचं. घट्ट असेल तर आशा आहे. हातात आलं आणि तळाशी घाण वास असेल तर कोंब कुजलाय. फॅन पामांचा कोंब मार्चअखेर कुजलेला निघाला. ती झाडं तलावाच्या काठावर, मुलांच्या खेळायच्या जागी होती, शेंडा सडून खाली कोसळण्याची भीती होती. मे महिन्यात ती काढली. उगाच जूनपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

शिंदीचं मधलं पान एप्रिलमध्ये अर्धवट निघून आलं. तळाला थोडा वास, पण आत पांढरं, टणक काहीतरी दिसत होतं. आजोबांच्या दृष्टीनं हे सरळ ‘कोंब कुजणे’ होतं, माडावर पावसाळ्यात होतं तसं. फक्त इथे बुरशीला वाट थंडीनं करून दिली होती. त्यांनी बोर्डो मिश्रण मागितलं. दुकानात तयार तांबेयुक्त बुरशीनाशक मिळालं. खराब भाग साफ करून ते कोंबात ओतलं, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फ्लोरिडा विद्यापीठाचा थंडीनं मार खाल्लेल्या पामांसाठीचा सल्लाही हाच आहे. झावळ्यांपैकी ज्यांचे देठ हिरवे होते त्या कापल्या नाहीत; त्या देठांतही झाडाची शिल्लक असते. व्यवस्थापनाला फोटोंसह पत्र लिहून जुलैपर्यंत मुदत मागितली, आणि ती मिळाली.

जूनच्या सुरुवातीला शिंदीतून एक वेडंवाकडं, चुरगळलेलं पान बाहेर आलं. मग दुसरं. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. जुलैअखेर तीन पानं झाली, तिसरं जवळपास नीट.

ऑगस्टमध्ये, कडक उन्हाच्या दुपारी सलग सुरू झाल्यावर, दोन आठवड्यांत ती तीनही पानं वाळली. पाणी भरपूर दिलं होतं. नंतर खोड कापलं तेव्हा कारण दिसलं: आत बराच भाग तपकिरी. कोंब वाचला होता, पण पाणी वर नेणाऱ्या नळ्या फेब्रुवारीतच मेल्या होत्या. वसंतात पानं कमी आणि ऊन मवाळ, तेवढ्यापुरतं पाणी पोचत होतं. उन्हाळ्याची तहान त्या उरलेल्या नळ्यांना भागवता आली नाही. २०२१ मध्ये टेक्सासभर ‘वाचले’ म्हणून मोजलेले पाम उन्हाळ्यात असेच बसले, आणि बऱ्याच जणांनी त्याचा दोष पाण्याला किंवा खताला दिला.

खोडावर एकही माळ नव्हती, हे इथे आठवतं. फेब्रुवारीतला तो सल्ला अर्धा बरोबर होता: कोंबावाचून काहीच नाही हे खरं, पण नुसता कोंब पुरत नाही. अर्थात खोडावर माळ असती तरी त्या रात्री वीज नव्हतीच.

विंडमिल पामनं ऑक्टोबरपर्यंत सात-आठ नवी पानं काढली.

पुन्हा लावणी

रिकाम्या तीन जागांचं काय करायचं हा प्रश्न त्या हिवाळ्याभर चालला. नर्सऱ्यांत सिल्व्हेस्टर पाम पुन्हा आले होते, आणि कंत्राटदार म्हणत होता की असं शतकातून एकदाच होतं. १९८९ ची नोंद समोर ठेवल्यावर तो विषय संपला.

नीडल पाम, म्हणजे ऱ्हॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, हा सगळ्या पामांत थंडीला सर्वांत काटक समजला जातो, उणे २० च्या खालीही टिकल्याचं सांगतात. पण त्याच्या बुडख्यात सुईसारखे लांब काटे असतात. तलावाच्या काठावर, अनवाणी पोरांच्या वाटेत तो नको झाला. तो कुंपणाशी लागला. तलावाशी दोन ‘ब्राझोरिया’ सेबल लावले. हा ह्यूस्टनच्या दक्षिणेकडच्या ब्राझोरिया काउंटीत आपोआप झालेला संकर, सेबल मायनरचा काटकपणा आणि वर खोड, असं जमलेला. मधल्या जागी दुसरा विंडमिल पाम. चीनमधून आलेलं हे झाड युरोपात दीडशेहून जास्त वर्षं उघड्यावर आहे. दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचीनो भागात तर ते बागांतून निसटून जंगलात इतकं पसरलं की आता डोकेदुखी झालंय. डॅलसमध्ये तशी भीती मला वाटत नाही, इथला उन्हाळा आणि माती त्याला तितकी सोपी नाही.

सगळी लावणी एप्रिलमध्ये, वीतभर उंच वरंब्यांवर केली. काळ्या मातीत खड्डा करून चांगली माती भरली तर तो खड्डा हौदासारखा पाणी धरतो. वरंब्यानं ते टळतं. आजोबा तोवर सांगलीला परतले होते, वरंब्याची उंची व्हिडिओ कॉलवर त्यांनी दोनदा वाढवायला लावली.

डिसेंबर २०२२ मध्ये पारा पुन्हा उणे १२ च्या आसपास गेला. कुणालाच माळ लावली नाही. थोरला विंडमिल नुसत्या कापडात बांधला, बाकीच्यांना फक्त आच्छादन. वसंतात करपलेली टोकं कापली, एवढंच काम निघालं. जानेवारी २०२४ ची लाटही तशीच गेली.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी २०१८ मध्ये होती, २०२१ मध्ये नाही. लावण्याआधी ‘इथली तीस-चाळीस वर्षांतली सर्वांत थंड रात्र कोणती’ एवढं विचारलं असतं तर फॅन पाम तलावाला लागलेच नसते. शिंदीचं मी तितक्या ठामपणे म्हणणार नाही. तिनं तीन उन्हाळे घराला शोभा दिली, आणि एखादं झाड काही वर्षांसाठीच आहे हे समजून कुणी पैसे घालत असेल तर तो त्याचा आनंद आहे. या घरात ते समजून घातले नव्हते, तक्रार असली तर तेवढीच.

२०२३ मध्ये झोनचा नवा नकाशा आला. त्यात १९९१ ते २०२० ची आकडेवारी आहे. म्हणजे डिसेंबर १९८९ त्यातून बाहेर पडला आणि फेब्रुवारी २०२१ अजून आत आलेला नाही. त्यात बरीच गावं अर्ध्या झोननं ‘उबदार’ दाखवली आहेत. हिवाळे सरासरीनं सौम्य होत आहेत हे खरं आहे, पण त्या नकाशावर विसंबून पुन्हा शिंदी लावणाऱ्यानं त्यातली ही फट पाहून ठेवावी.

वीज जाईल हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही, आणि तो दोष मी कुणाला देणार नाही. पण त्यानंतर मी विचारणाऱ्यांना तंबू जमिनीपर्यंत बंद करायला सांगतो, मग आत माळ असो वा नसो. बंद तंबूत गरम पाण्याची बादली ठेवायची सोय राहते. शेंड्याला नुसती टोपी घातली की सगळी भिस्त एका तारेवर.

शिंदीला एप्रिलपासून दिलेल्या औषधपाण्याबद्दल मात्र माझं मत कुटुंबापेक्षा वेगळं आहे. नवरा म्हणतो, ते चार महिने वाया गेले. मला तसं वाटत नाही. एप्रिलमध्ये खोडाच्या आत काय झालंय हे कापल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि खर्च एका बाटलीचा होता.

थोरला विंडमिल पाम आता अडीच मीटरच्या पुढे गेला आहे. तीन मीटर झाला की त्याच्यावर शिडी लावायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. शेजाऱ्याच्या सी-नाइन माळा परत केल्या, आणि कुटुंबानं स्वतःसाठी जुन्या बाजारातून दोन विकत घेऊन गराजमध्ये ठेवल्या आहेत, धाकट्या विंडमिलसाठी.